वाचकांचे प्रश्न: इंजिनाखालचा काळा डाग

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत: गाडीखाली ऑइल पडतं, आणि ते घरच्या घरी थांबवता येईल का? त्यातले आठ प्रश्न निवडून इथे घेतले आहेत.

माझी पेट्रोल हॅचबॅक ११ वर्षांची आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी तळहाताएवढा डाग दिसतो. गॅरेजमध्ये दाखवली, तर इंजिन उतरवून सगळे सील बदला म्हणाले, खर्च १८ हजार. एवढं करायलाच हवं का?
वाचक, मानेवाडा

इतक्यात होकार देऊ नका. आधी गळती कुठून आहे ते शोधा. त्याला दोन दिवस आणि दोन-तीनशे रुपयांचं सामान पुरतं. ऑइल जिथून टपकतं, तिथून ते बाहेर पडलेलंच असेल असं नाही. ते वर कुठेतरी फुटतं, इंजिनाच्या कडेने ओघळत खाली येतं, गाडी चालू असताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकावरून टपकतं. म्हणून चेंबर (इंजिनाच्या तळाशी असलेली ऑइलची टाकी) ओला दिसला की चेंबरचं पॅकिंग गेलं असं ठरवून टाकतात. प्रत्यक्षात ऑइल दीड फूट वरून, टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून आलेलं असतं.

पडतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, ते पहिल्यांदा पाहा. रात्री गाडीखाली मोठ्या खोक्याचा पांढरा किंवा फिका पुठ्ठा पसरून ठेवा आणि पुढची चाकं कुठे होती ते त्यावर पेनाने आखून घ्या. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं आणि बोटांत घोळवलं की बुळबुळीत लागतं. गिअर ऑइल घट्ट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टीअरिंगचं. पिवळसर पातळ द्रव चाकाजवळ पडला असेल तर तो ब्रेक ऑइल असू शकतो, आणि तसं असेल तर गाडी हलवूच नका. नुसतं स्वच्छ पाणी एसीचं असतं.

इंजिन ऑइल आहे हे ठरलं की इंजिन धुऊन घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझर फवारा, १० मिनिटं मुरू द्या, जुना टूथब्रश आणि चिंध्यांनी पुसून काढा. अल्टरनेटर, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड आधी प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधा. प्रेशरचं पाणी मारू नका. पेट्रोलने तर अजिबात धुऊ नका. बोनेटच्या आत त्याची वाफ साचते आणि एका ठिणगीने पेटते. सगळं कोरडं झालं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा: टॅपेट कव्हरची कड, टायमिंग कव्हरचा सांधा, ऑइल फिल्टरचं बूड, ऑइलचा प्रेशर स्विच, चेंबरची कड. मग १५-२० किलोमीटर गाडी चालवून या आणि टॉर्च घेऊन बघा. जिथे पावडर ओली आणि पिवळी झाली, त्यातली सगळ्यात वरची जागा ही गळतीची जागा. खालचे सगळे ओघळ विसरा. मागच्या बाजूला डोळा पोचत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा हात लांबवून आत घाला आणि व्हिडिओ काढा.

सोबतच किती जातंय ते मोजा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर ५ मिनिटांनी डिपस्टिक बाहेर काढून पुसा, परत घाला आणि मग वाचा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. पुठ्ठ्यावर रात्रभरात १०-१२ थेंब पडत असतील, तर ते जेमतेम अर्धा मिलिलिटर भरतं. तेवढ्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही. मात्र महिन्याभरात पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येत असेल आणि डाग तर लहानच असतील, तर ऑइल चालत्या गाडीतून जातंय किंवा इंजिनात जळतंय. गळतीच्या जागेसोबत सायलेन्सरचा निळा धूरही बघा.

सिग्नलला थांबलं की जळक्या ऑइलचा वास येतो, कधी बोनेटच्या फटीतून बारीक धूर दिसतो. जमिनीवर मात्र काहीच पडत नाही. उन्हामुळे असेल का? मला हाताने काम करायची सवय आहे, मी स्वतः करू शकते का?
वाचक, धरमपेठ

ऊन हे मूळ कारण नाही. टॅपेट कव्हरच्या रबरी पॅकिंगमधून झिरपलेलं ऑइल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडतं आणि तिथेच जळून जातं, म्हणून खाली डाग दिसत नाही. गाडी चालत असताना वारा वास मागे नेतो, थांबलं की तो केबिनमध्ये येतो. हे रबर वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये भिजून कडक आणि चपटं होतं. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, त्यात वर्धा रोडच्या गर्दीत थांबत-थांबत चालणारी गाडी, म्हणजे बोनेटखालच्या रबराला थंड व्हायला वेळच मिळत नाही. वास दुर्लक्षू नका. साचलेलं ऑइल आणि लाल तापलेलं एक्झॉस्ट ही आगीची जोडी आहे.

घरी करण्यासारख्या सगळ्या गळत्यांमध्ये हे काम सर्वांत चांगलं, कारण सगळं वरून होतं, गाडीखाली जावं लागत नाही. चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला पहिल्यांदा करताना तीन तास धरा.

पार्टच्या दुकानात आरसी घेऊन जा आणि चेसिस नंबर दाखवून पॅकिंगचा सेट मागा. नुसती बाहेरची रिंग घेऊ नका. स्पार्क प्लगच्या विहिरींचे सील आणि बोल्टखालची रबरी वायसरं त्यात आहेत का ते मोजून घ्या. एकच नवं आणि बाकी जुनं बसवलं तर दोन महिन्यांत दुसरीकडून गळतं. १० नंबरची गोटी (सॉकेट), छोटा रॅचेट, प्लॅस्टिकचा खरवडा, ब्रेक क्लीनरचा डबा, लिंट न सोडणारा कपडा आणि सिलिकॉन गॅस्केट मेकरची छोटी ट्यूब लागेल. जमल्यास टॉर्क पाना भाड्याने किंवा उसना घ्या.

गाडी रात्री उभी करा आणि सकाळी सहाला काम सुरू करा. तासाभरापूर्वी चाललेलं इंजिन हात भाजवतं. बॅटरीची ऋण तार काढा. एअर फिल्टरची डबी आणि नळ्या सुट्या करा, प्रत्येक वायरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. इग्निशन कॉइलचे कनेक्टर जपून काढा. त्यांची प्लॅस्टिकची कुलुपं उष्णतेने ठिसूळ झालेली असतात, स्क्रूड्रायव्हरने उचकटली की तुटतात. अंगठ्याने दाबा, हलवत ओढा. कॉइल उचलल्यावर विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं, तर प्लग काढायच्या आधी ते कापडाने किंवा सिरिंजने उपसा. नाहीतर प्लग सुटताच ते थेट सिलिंडरमध्ये जातं. गाडीला मिसिंग येत होतं का, म्हणजे इंजिन अडखळत होतं का, याचं उत्तरही इथेच मिळतं.

कव्हरचे बोल्ट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, थोडे-थोडे करत सैल करा. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने टकटक करा. फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा उठला की नवं पॅकिंगही तिथून गळतं. कव्हर निघालं की आतल्या कॅमशाफ्टवर स्वच्छ कपडा पसरा, कारण एक तुटका रबराचा तुकडा आत पडला की शोधण्यात दिवस जातो. दोन्ही कडा खरवडून, ब्रेक क्लीनरच्या कपड्याने इतक्या पुसा की बोट फिरवलं तर चिकट लागणार नाही. जुन्या सिलिकॉनची पापुद्री ठेवून नवं लावणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

नवं रबर कव्हरच्या खाचेत कोरडंच बसवा. पूर्ण कडेला सिलिकॉन फासायचं नाही. ओल्या सिलिकॉनवर रबर खाचेतून सरकतं आणि आवळताना चिमटतं. सिलिकॉन फक्त तिथे, जिथे टायमिंग कव्हर आणि हेड एकमेकांना मिळतात आणि जिथे कॅमच्या टोकाची अर्धगोल बैठक आहे. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरे. मग कव्हर सरळ खाली बसवा, घासत नेऊ नका. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. बहुतेक गाड्यांत हे ८ ते १० न्यूटन-मीटर असतं. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. टॉर्क पाना नसेल तर १५ सेंटिमीटरच्या छोट्या रॅचेटच्या टोकाला सहा-सात किलोचा जोर म्हणजे तेवढं होतं. याहून जास्त आवळलं तर गळती थांबत नाही, उलट कव्हर वाकतं, रबर बाहेर पिळलं जातं, आणि हेडमधले ॲल्युमिनियमचे आटे निघाले की हा काही शे रुपयांचा खेळ हजारांत जातो.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट या भागात विशेष सांगायला हवी. हे एका ट्यूबमधलं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, उष्णतेने नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते पावसाळ्यापेक्षा हळू बसतं. वरून हात लावला तर सुकल्यासारखं वाटतं, आत मात्र कच्चं असतं. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबा. रात्रभर ठेवणं चांगलं.

सगळं जोडल्यावर इंजिन १० मिनिटं जागेवर चालवा. एक्झॉस्टवर आधी सांडलेलं ऑइल जळून थोडा धूर येतोच, तो १०-१५ मिनिटांत थांबतो. त्यानंतरही येत राहिला तर लगेच इंजिन बंद करून कड पुन्हा पाहा.

ऑइल बदलून आणलं, दुसऱ्याच दिवशी खाली टपकायला लागलं. मेकॅनिकने बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळून दिली. आठवडाभर बरं होतं, आता पुन्हा सुरू झालं.
वाचक, हिंगणा रोड

टेप काढून टाका. ड्रेन बोल्टचे आटे ऑइल अडवत नाहीत. ते काम बोल्टच्या डोक्याखालच्या वायसरचं आहे. टेपचे तुकडे सुटून आत ऑइल पंपाच्या जाळीवर बसू शकतात. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं हे मऊ वायसर एकदा दाबलं की सपाट होतं, म्हणून दर ऑइल बदलीला नवं घालायचं असतं. १० ते ३० रुपयांची वस्तू आहे, आणि नेमकी हीच पुन्हा वापरली जाते.

फिल्टरही तपासा. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी-कधी इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंगा एकावर एक होतात. सुरुवातीला ठीक वाटतं, पण इंजिनाचा वेग वाढून दाब चढला की वरची रिंग बाहेर फेकली जाते आणि काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर. नवा फिल्टर लावताना रिंगेला बोटाने ताजं ऑइल लावा, रिंग टेकली की हाताने आणखी पाऊण फेरा, बस. पट्ट्याचा पाना फक्त काढायला वापरा.

ड्रेन बोल्टसाठी गाडी उचलावी लागेल, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एका सेकंदासाठीही जायचं नाही. दोन टनांचे दोन जॅक स्टँड घ्या, सपाट काँक्रीटवर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी लावा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या, हँडब्रेक ओढा, मग गाडी हाताने जोरात हलवून पाहा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नका. ते न सांगता चुरा होतात. मातीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर काम करायचं असेल तर स्टँडखाली जाड फळी द्या.

इंजिन कोमट असताना ऑइल काढा, उकळतं नको. बोल्ट बहुधा १७ नंबरच्या गोटीने निघतो, काही गाड्यांत १४ ने. वायसर बदला, बोल्ट पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवून बसतोय ना बघा. तो तिरपा गेला की आटे मेले. साध्या चेंबरला साधारण ३५ न्यूटन-मीटर, म्हणजे २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १४ किलोच्या आसपास जोर. ॲल्युमिनियमच्या चेंबरला कमी असू शकतो, मॅन्युअल बघाच. आवळताना बोल्ट गोल-गोलच फिरत राहिला तर आटे गेलेत. तेव्हा मोठ्या मापाचा आटे कापत जाणारा बोल्ट ठोकून घेऊ नका, त्याचा धातूचा चुरा आत जातो. चेंबर उतरवून त्यात नवा आटा बसवून घ्या किंवा चेंबरच बदला. पत्र्याचा असेल तर तो फार महाग नसतो.

उमरेड रोडच्या कामात दगड लागून चेंबर चेपला आणि त्यातून झिरपतंय. वरून एम-सील लावलं तर चालेल का?
वाचक, दिघोरी

घरी पोचण्यापुरतं चालेल, कायमचं नाही. ऑइलने ओल्या पत्र्यावर कुठलाही लेप धरत नाही. आधी ब्रेक क्लीनरने पुसून, सँडपेपरने खरवडून, पूर्ण कोरडं केलं तरच तो टिकतो. पण चेपलेला चेंबर हे त्याहून मोठं संकट आहे. त्याच्या आत तळाशी अर्ध्या-एक सेंटिमीटरवर ऑइल पंपाची जाळी असते. पत्रा आत दबून जाळीला टेकला असेल तर ऑइलची वाट अडते आणि गळती थांबवूनही इंजिन कोरडं पडू शकतं. म्हणून खोल चेपला असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

चेंबर बसवताना जास्त सिलिकॉन म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत इंजिन मारते. आत पिळून आलेला गोळा तुटून त्याच जाळीवर बसतो. बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, तीन ते चार मिलिमीटर जाडीची एकसलग धार, मधे खंड नाही, आणि ट्यूबवर सांगितलेल्या मिनिटांत चेंबर जागेवर. बोल्ट बहुधा १० नंबरचे असतात आणि तेही ८-१० न्यूटन-मीटरचेच. ऑइल दुसऱ्या दिवशी भरा.

दोन वर्षांत टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा आणि पुढचं सील एकदा बदललं. प्रत्येक वेळी चार-सहा महिन्यांनी पुन्हा गळतं. नकली माल मिळतोय का?
वाचक, जरीपटका

माल नकली असू शकतो, पण तीन वेगवेगळे भाग एकामागोमाग गेले म्हणजे संशय इंजिनातल्या दाबावर घ्या. पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू नेहमीच खाली उतरतो. तो बाहेर काढून परत इनटेककडे नेण्यासाठी ब्रीदर नळी आणि एक छोटा व्हॉल्व्ह असतो, ज्याला मेकॅनिक पीसीव्ही म्हणतात. हा गाळाने तुंबला की वायूला वाट उरत नाही, तो प्रत्येक पॅकिंग आणि सीलला बाहेर ढकलतो आणि त्यातलं जे सगळ्यात कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर येतं. तुम्ही ते बदलता, मग दुसरं कमजोर ठरतं.

रोज दोन-तीन किलोमीटर, घर ते ऑफिस, एवढीच चालणारी गाडी असेल तर गाळ लवकर साचतो. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही, आणि ते ऑइलशी मिसळून मळीसारखं बसतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी हे जास्त होतं.

तपासणी सोपी आहे. पेट्रोल गाडी गरम झाल्यावर जागेवर चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी सैल धरा. पिशवी हलकेच आत ओढली गेली तर ठीक. फुग्यासारखी फुगली तर व्हॉल्व्ह किंवा नळी तुंबली आहे. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, मोकळा असेल तर खडखडतो. तुंबलेला असेल तर धुण्यापेक्षा बदलणं बरं, आणि सोबतची नळी आतून मोकळी आहे का तेही बघा. नळी चेपलेली, मऊ पडलेली असेल तर तीही बदला. व्हॉल्व्ह नवा असूनही पिशवी फुगत राहिली, धूर भकभक येत राहिला, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत; तेव्हा कॉम्प्रेशन तपासून घ्या. टर्बो डिझेल गाडीत थोडा फुंकर येणं स्वाभाविक आहे, तिला ही कसोटी लावू नका.

अजून एक सोपं कारण: ऑइल जास्त भरलेलं. वरच्या खुणेच्या वर अर्धा लिटर असेल तर क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) त्यात आपटून फेस करतो आणि दाब वाढतो. सिरिंजला बारीक नळी लावून डिपस्टिकच्या नळीतून जास्तीचं ओढून काढता येतं.

स्टॉप-लीक ॲडिटिव्ह टाकावं का? आणि नागपूरच्या उन्हात जाड, २०डब्ल्यू-५० ऑइल टाकलं की गळती कमी होते म्हणतात, खरं का?
वाचक, खामला

स्टॉप-लीक रबराला थोडं फुगवतं आणि मऊ करतं. सील कडक झालं असेल, थेंब-थेंब गळत असेल, तर काही महिने फरक दिसतो. फाटलेलं पॅकिंग, सैल बोल्ट, ओरखडा पडलेला शाफ्ट यांना त्याचा काही उपयोग नाही. गाडी विकायची नसेल आणि चालवायची असेल, तर तो पैसा पॅकिंगमध्ये घाला.

जाड ऑइलचं म्हणणं अर्धं खरं आहे. जाड ऑइल फटीतून हळू झिरपतं. पण बाहेर ४५ अंश आहे म्हणून आतलं ऑइल त्याच प्रमाणात जास्त तापत नाही. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाला आपल्या तापमानावर धरून ठेवतात, आणि ऑइल साधारण ९० ते ११० अंशांत असतं, नागपुरातही आणि महाबळेश्वरलाही. ऑइलच्या नावातला दुसरा आकडा हा १०० अंशांवरचा घट्टपणा सांगतो. ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं तर सुरू करताना वरच्या भागापर्यंत पोचायला उशीर लागतो, आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा मंद प्रतिसाद देते. मॅन्युअलमध्ये उष्ण हवामानासाठी दुसरी श्रेणी दिली असेल, तर तेवढीच बदलाची मुभा घ्या.

इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्स जोडतो त्या सांध्यातून ऑइल पडतं. मेकॅनिक म्हणतो मागचं सील गेलं. हे घरी होईल का?
वाचक, गोधनी

नाही. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय त्या सीलपर्यंत हात पोचत नाही. पण उतरवायच्या आधी दोन गोष्टी घरी पाहून घ्या. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून आलेलं ऑइल याच सांध्यावर ओघळतं, आणि प्रेशर स्विच मागच्या बाजूला असेल तर त्याचंही तसंच होतं. स्विचचा कनेक्टर काढून पाहा. आत ऑइल असेल तर स्विचच गळतोय. तो खोल गोटीने सुटतो, नवा हाताने बसवून अलगद आवळायचा. त्याचे आटे पुढे निमुळते असतात, जोर लावला की बॉडी फुटते किंवा ब्लॉकला तडा जातो.

वरचं सगळं धुऊन, पावडर टाकूनही सांध्यातच ओल आली तर मागचं सील. क्लच घसरत असेल तर ते ऑइल क्लच प्लेटवर पोचलंय. गिअरबॉक्स खाली उतरणारच आहे, तर क्लच प्लेट जुनी असल्यास त्याच वेळी बदलून घ्या. मजुरी एकदाच लागते.

निघालेलं जळकं ऑइल आणि फरशीवरचा डाग, दोन्हीचं काय करावं? आणि हा गळणारा थेंब घेऊन पुढच्या आठवड्यात समृद्धीवरून शिर्डीला जायचं आहे, जाऊ का?
वाचक, प्रतापनगर

डाग ताजा असेल तर लाकडाचा भुसा किंवा कोरडी रेती टाकून रात्रभर ठेवा, झाडून घ्या. मग कपड्याच्या पावडरीची पेस्ट ताठ ब्रशने घासा. भुसा नालीत झाडू नका, बंद पिशवीत भरा.

जळकं ऑइल पाच लिटरच्या जुन्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, ते गोळा करून पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजला द्या. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. नालीत ओतलं तर ते नाग नदीत, तिथून कन्हान आणि वैनगंगेत जातं, आणि गोसीखुर्दच्या पाण्यापर्यंत पोचतं. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला किंवा कुंपणाच्या खांबांना ते फासण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि काजळी असते, ती मातीत आणि विहिरीत उतरते; सोडून द्या. काम करताना नायट्राइलचे हातमोजे घाला, हे ऑइल कातडीला रोज-रोज लागणं चांगलं नाही.

शिर्डी सुमारे ५२० किलोमीटर आहे. सलग १२० च्या वेगात ऑइल पातळ होतं, दाब आणि इंजिनाचे फेरे दोन्ही वाढतात, म्हणून गावात एक थेंब असलेली गळती तिथे धार होऊ शकते. आधी १०० किलोमीटरची एक फेरी करा, अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत जाऊन या. तेवढ्यात डिपस्टिकवर फरक दिसला तर दुरुस्तीशिवाय जाऊ नका. नसेल दिसला तर निघा, त्याच श्रेणीचं एक लिटर ऑइल आणि फनेल डिकीत ठेवा, दर १५० किलोमीटरला सपाट जागी थांबून पातळी बघा आणि वेग ९० च्या आत ठेवा.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळी सांगत नाही, दाब सांगतो. तो पेटतो तेव्हा दाब साधारण अर्ध्या बारच्याही खाली गेलेला असतो. पुढच्या पंपापर्यंत जाऊ, असा विचारही करू नका. कडेला घ्या, लगेच इंजिन बंद करा. ५ मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी खाली असेल तर भरा, सुरू करा, आणि दिवा पाच सेकंदांत विझला नाही तर पुन्हा बंद करून टो मागवा.